तारीख आणि वेळ मजकुरात उतरवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरला शनिवार-रविवारी मी मराठीतून प्रोग्रॅमिंग शिकवते. शिकून नोकरीला लागलेल्या मुलांचे मेसेज अजून येतात, आणि त्यांत तारीख-वेळेचे प्रश्न सगळ्यांत जास्त असतात. तेच ते प्रश्न परत परत आले, म्हणून उत्तरं एकत्र करून ठेवते आहे. वाचायची सोय म्हणून कोडमधली अक्षरं आणि आकडेही देवनागरीतच लिहिले आहेत. ‘मोठा एम’ म्हणजे कॅपिटल आणि ‘छोटा एम’ म्हणजे स्मॉल, एवढं ध्यानात ठेवा.

१. मॅडम, तारीख ‘फॉरमॅट करणं’ म्हणजे नेमकं काय? तारीख ही स्ट्रिंगच (नुसता मजकूरच) असते ना?

नाही, आणि बाकीचा बराचसा गोंधळ या समजुतीतूनच होतो. संगणकाकडे बहुधा एक क्षण साठवलेला असतो. १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, यूटीसीच्या (जगभर संदर्भासाठी धरलेल्या प्रमाणवेळेच्या) घड्याळानुसार, किती सेकंद झाले एवढाच तो आकडा. समजा तो बरोबर १७० कोटी आहे. मुंबईच्या भिंतीवरच्या घड्याळात त्या क्षणी १५ नोव्हेंबर २०२३, पहाटेचे ३:४३:२० झाले होते. लंडनमध्ये तेव्हा १४ नोव्हेंबर होता आणि रात्रीचे १०:१३:२०. क्षण एकच, मजकूर दोन, आणि दोन्ही बरोबर. कुणाच्या घड्याळाने, कोणत्या भाषेत आणि कोणत्या क्रमाने लिहायचं हे ठरवून त्या क्षणाची स्ट्रिंग करणं म्हणजे फॉरमॅटिंग. उलट्या दिशेने गेलात, मजकुरावरून क्षण काढलात, तर ते पार्सिंग. मजकूर शेवटच्या पायरीला, माणसाला दाखवताना करा. तोवर क्षण क्षणच राहू दे.

२. स्क्रीनवर सगळ्या तारखा २० किंवा २१ जानेवारी १९७० दिसताहेत. डेटा उडाला का?

डेटा जागेवर आहे. तुम्ही सेकंद दिले आणि लायब्ररीने ते मिलिसेकंद समजून वाचले. सध्याच्या काळातला सेकंदांचा आकडा दहा अंकी असतो, मिलिसेकंदांचा तेरा अंकी. अंक मोजा आणि हजाराने गुणा.

३. डेटाबेसमध्ये दिवस/महिना/वर्ष अशी स्ट्रिंग ठेवली तर काय बिघडतं? आपण लिहितो तशीच तर आहे.

क्रम बिघडतो. स्ट्रिंग डावीकडून उजवीकडे तपासली जाते, त्यामुळे ‘०५/१२/२०२३’ ही ‘०६/०१/२०२३’च्या आधी येते, प्रत्यक्षात पाच डिसेंबर हा सहा जानेवारीनंतर अकरा महिन्यांनी येतो. शिवाय ‘०३/०४’ आपल्याला तीन एप्रिल वाटतो आणि अमेरिकेतल्या माणसाला चार मार्च. दोघांनाही शंका येत नाही, म्हणून ही चूक महिनोन्‌महिने टिकते.

कॉलम तारखेच्याच प्रकाराचा ठेवा. फाइल, एपीआय किंवा लॉगसाठी मजकूरच लागत असेल, तर आयएसओ ८६०१ या मानकाचा क्रम वापरा: वर्ष, महिना, दिवस, सगळे शून्य भरून. हे मानक १९८८ मध्ये आलं. त्यातला इंटरनेटपुरता नेमका भाग २००२ साली आरएफसी ३३३९ या इंटरनेट-मानकांच्या दस्तऐवजात बांधला गेला. उदाहरणार्थ ‘२०२५-०३-१५टी१८:३०:००+०५:३०’. मधली टी तारीख आणि वेळ वेगळी करते, शेवटचा भाग घड्याळ कुणाचं ते सांगतो. शेवटी झेड असेल तर वेळ यूटीसीतली. फाइलच्या नावात मात्र विंडोजवर कोलन (:) चालत नाही, तिथे वेळेतले कोलन काढून टाका.

४. मोठा एम आणि छोटा एम यांत मी दर वेळी चुकतो. लक्षात कसं ठेवू?

तारीख कशी छापायची हे फॉरमॅटरला अक्षरांनी सांगतात, त्या अक्षरांच्या ओळीला पॅटर्न म्हणतात. ती अक्षरं पाठ करू नका, कारण नियम एक नाही. जावा आणि डॉट नेटमध्ये मोठा एम म्हणजे महिना, छोटा म्हणजे मिनिटं. सी आणि पायथनच्या स्ट्रएफटाइम या फॉरमॅटिंगच्या फंक्शनमध्ये बरोबर उलट: टक्का-छोटा एम महिना, टक्का-मोठा एम मिनिटं. मायएसक्यूएलमध्ये मिनिटांसाठी टक्का-आय लागतो, आणि टक्का-मोठा एम लिहिलात तर महिन्याचं इंग्रजी नाव येतं. पीएचपीमध्येही मिनिटांना छोटा आय. ओरॅकल आणि पोस्टग्रेस या डेटाबेसच्या टू-चार फंक्शनमध्ये ‘एमएम’ लहान लिहा की मोठं, तो महिनाच. मिनिटांना ‘एमआय’.

हे मी अंगावर घेऊन शिकले. दादरच्याच एका दवाखान्यासाठी आम्ही अपॉइंटमेंटचे एसएमएस पाठवायचो, आणि पॅटर्नमध्ये मिनिटांच्या जागी मोठं ‘एमएम’ लिहिलं होतं. महिना जुलै. दहाच्या पेशंटला मेसेज गेला ‘१०:०७’, साडेदहाच्या पेशंटलाही ‘१०:०७’. एक आजी भर पावसात सव्वादहाच्या आत येऊन बसल्या, त्यांचा नंबर साडेदहाचा होता. रिसेप्शनवरच्या ताईंनी फोन करून विचारलं, “आज सगळ्यांना सात मिनिटांचीच वेळ का दिलीय?” तेव्हा कुठे उजेड पडला. आम्ही टेस्ट केली होती, पण वेळ ‘बरोबर आकार’ची दिसतेय एवढंच पाहिलं होतं.

तेव्हापासून माझी टेस्टची तारीख ठरलेली आहे: २७ नोव्हेंबर २०२४, १८:४३:०९. दिवस बारापेक्षा मोठा, तास बारापेक्षा मोठा, महिना, तास आणि मिनिटं सगळी वेगळी, आणि शून्य भरलं जातं का ते बघायला सेकंद एकअंकी. कोणतीही नवी लायब्ररी हातात आली की आधी ही एक तारीख छापून बघा. गो भाषेने तर अक्षरंच काढून टाकली आहेत. तिथे २ जानेवारी २००६, १५:०४:०५ हा ठरलेला क्षण तुम्हाला हवा तसा लिहायचा, तोच पॅटर्न.

५. संध्याकाळी सहाची वेळ ‘०६:००’ अशी का छापली जाते?

जावा-डॉट नेटच्या पॅटर्नमध्ये छोटा ‘एचएच’ बारा तासांचा, मोठा चोवीस तासांचा. छोटा वापरून पुढे एएम-पीएमचं अक्षर विसरलात की सकाळचे सहा आणि संध्याकाळचे सहा एकसारखे. स्ट्रएफटाइममध्ये बारा तासांना टक्का-मोठा आय आणि सोबत टक्का-छोटा पी.

मराठी वाचकासाठी लिहीत असाल तर माझं मत असं की एएम-पीएम टाळावंच. आपण ‘सकाळी साडेनऊ’, ‘रात्री बारा’ म्हणतो. दुपारचे बारा पीएम की एएम, यावर इंग्रजी शाळेत शिकलेलेही अडखळतात. ‘दुपारी १२’ वाचून कुणी अडखळत नाही. जावा १६ पासून मोठं बी हे अक्षर दिवसाचा प्रहर लोकेलप्रमाणे (निवडलेली भाषा आणि देश यांप्रमाणे) देतं. तुमच्या भाषेत ती सोय नसेल तर स्वतः छोटं फंक्शन लिहा: चारपासून पहाट, सहापासून सकाळ, बारापासून दुपार, चारपासून संध्याकाळ, आठपासून रात्र. सीमा थोड्या इकडेतिकडे चालतील, फक्त सगळ्या ॲपमध्ये त्याच असू द्या.

६. जावास्क्रिप्टमध्ये मार्च महिना २ कसा?

तिथे महिने शून्यापासून मोजतात, दिवस मात्र एकपासून. जावास्क्रिप्टने १९९५ मध्ये जावाचा तारखेचा प्रकार उचलला, आणि त्यात सी भाषेतली ही जुनी पद्धत आली. गेट-इयर वापरू नका, ते वर्षातून १९०० वजा करून देतं. गेट-फुल-इयर वापरा.

७. रात्री साडेबाराला रिपोर्ट काढला की कालची तारीख येते. दिवसा सगळं नीट. असं कसं?

सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर आहे, किंवा तुम्ही टू-आयएसओ-स्ट्रिंग वापरून पहिली दहा अक्षरं कापली आहेत. ते फंक्शन कायम यूटीसीत लिहितं. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणून मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत तिथे आदला दिवस चालू असतो. दिवसा काम करणाऱ्या टीमला हा बग दिसतच नाही. तो सापडतो रात्रपाळीच्या माणसाला.

याचीच उलटी बाजू जास्त फसवी. जावास्क्रिप्टमध्ये ‘२०२५-०३-१५’ एवढीच स्ट्रिंग दिली तर ती यूटीसीची मध्यरात्र धरली जाते. तिच्यापुढे वेळ जोडली आणि झोन दिला नाही, तर स्थानिक वेळ धरली जाते. मुंबईत बसून पहिली स्ट्रिंग दाखवलीत तर १५ मार्च, पहाटेचे साडेपाच. तारीख बरोबर, म्हणून आपण पुढे जातो. न्यूयॉर्कमधल्या ग्राहकाला तीच १४ मार्च दिसते.

फॉरमॅटरला झोनचं नाव स्वतः द्या: ‘एशिया/कोलकाता’. मशीनच्या सेटिंगवर विसंबू नका. तुमचा लॅपटॉप भारतीय वेळेवर असतो आणि क्लाउडवरचं मशीन बहुधा यूटीसीवर. आणि ज्याला वेळच नाही, उदाहरणार्थ जन्मतारीख, ते क्षण म्हणून साठवूच नका. नुसत्या तारखेचा वेगळा प्रकार बहुतेक भाषांत आहे.

८. झोन म्हणून ‘आयएसटी’ लिहिलं तर? आणि ‘एशिया/मुंबई’ का नाही?

आयएसटी ही तीन अक्षरं भारत, आयर्लंड आणि इस्राएल तिघंही वापरतात. पोस्टग्रेस मुळातल्या सेटिंगमध्ये त्यांचा अर्थ इस्राएलची वेळ असा घेतं, म्हणजे यूटीसीच्या दोन तास पुढे. तुमची वेळ साडेतीन तासांनी सरकते आणि एररही येत नाही.

टाइमझोनच्या डेटाबेसमध्ये १९७० पासून ज्या भागातली घड्याळं एकसारखी चालली त्याला एक नाव, आणि ते एका शहराचं. भारताचं ते कोलकाता. २००८ पर्यंत स्पेलिंग ‘कलकत्ता’ होतं. जुनं नावही अजून चालतं. मुंबईकर म्हणून मला वाईट वाटतं, कारण मुंबईची स्वतःची वेळ खरोखर होती: ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी ३९ मिनिटांनी मागे असलेली ही ‘बॉम्बे टाइम’ शहराने पुढे १९५५ पर्यंत सोडली नाही. पण ते सगळं १९७० च्या आधीचं.

९. पायथनमध्ये वेळेपुढे +०५:५३ छापलं जातंय! साडेपाच कुठे गेले?

तुम्ही पायटीझेड या लायब्ररीचा झोन तारखेच्या टीझेडइन्फो या पॅरामीटरमध्ये थेट दिलात. ती लायब्ररी अशा वेळी झोनची सर्वांत जुनी नोंद उचलते, म्हणजे कोलकात्याची सूर्यावरून ठरलेली स्थानिक वेळ. तिची लोकलाइझ पद्धत वापरा. त्याहून बरं म्हणजे पायथन ३.९ पासून सोबत येणारं झोनइन्फो वापरा, तिथे ही अडचण नाही.

१०. भारतात घड्याळं मागेपुढे करत नाहीत. मग सरळ साडेपाच तास मिळवले तर बिघडलं कुठे?

दोन ठिकाणी बिघडतं. पहिलं नेहमीचं: एक जण क्वेरीत साडेपाच मिळवतो, दुसरा स्क्रीनच्या कोडमध्ये, आणि वेळ अकरा तास पुढे जाते. झोनचं नाव लिहिलेलं असेल तर दुसऱ्याला कळतं की काम आधीच झालंय. नुसत्या बेरजेवरून कळत नाही.

दुसरं जुन्या तारखांचं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतातली घड्याळं काही वर्षं एक तास पुढे, म्हणजे यूटीसी अधिक साडेसहावर होती, आणि टाइमझोनच्या डेटाबेसमध्ये त्याची नोंद आहे. पेन्शनच्या नोंदीत कुणाची जन्मतारीख १० जून १९४३ आहे असं धरा. लायब्ररीने ती त्या दिवसाची मध्यरात्र म्हणून साठवली: यूटीसीत ९ जून, १७:३०. आता दाखवताना तुम्ही साडेपाच मिळवलेत. आलं ९ जून, रात्रीचे अकरा. एका आजोबांचा जन्म एक दिवस आधी झाला. म्हणूनच प्रश्न ७ च्या शेवटी सांगितलं की जन्मतारखेला वेळ चिकटवू नका.

११. डिसेंबरच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत वर्ष पुढचंच येतं. एक जानेवारीला आपोआप ठीक होतं.

पॅटर्नमध्ये मोठा वाय आहे. जावात छोटा वाय कॅलेंडरचं वर्ष देतो, मोठा वाय आठवड्याचं वर्ष. वर्षाचा पहिला आठवडा आदल्या डिसेंबरात सुरू झाला तर ते दिवस नव्या वर्षात मोजले जातात. १ जानेवारी २०२५ बुधवारी होता. आयएसओप्रमाणे आठवडा सोमवारी सुरू होतो, म्हणून ३० आणि ३१ डिसेंबर २०२४ हे २०२५ च्या पहिल्या आठवड्यातले. आठवडा रविवारी सुरू धरणाऱ्या लोकेलमध्ये २९ तारीखही त्यात गेली. पावतीवर ‘३०/१२/२०२५’ छापलं गेलं तर ती पावती एक वर्ष पुढची झाली.

पॅटर्न एका लायब्ररीतून दुसरीत चिकटवताना हे हमखास होतं, कारण मोमेंट या जावास्क्रिप्टच्या लायब्ररीत मोठा वायच बरोबर आहे. डेट-एफएनएस या दुसऱ्या लायब्ररीने तिच्या दुसऱ्या आवृत्तीपासून मोठा वाय दिला की एरर टाकायला सुरुवात केली, आणि ते मला फार योग्य वाटतं. मोठ्या डीचंही तसंच: जावात तो वर्षातला कितवा दिवस ते सांगतो. जानेवारीत दोन्ही आकडे सारखे, म्हणून बग लपतो. ५ फेब्रुवारीला ३६ छापून येतो.

१२. महिन्यांची आणि वारांची नावं मराठीत हवी आहेत. स्वतः यादी लिहू का?

यादी लिहायची गरज नाही. लोकेल ‘एमआर-आयएन’ द्या, नावं मिळतात. त्यासोबत आकडेही देवनागरी येतात, कारण मराठीसाठी तेच ठरलेले आहेत. इंग्रजी आकडे हवे असतील तर लोकेलच्या नावापुढे ‘-यू-एनयू-एलएटीएन’ जोडा. देवनागरी आकड्यांची स्ट्रिंग परत कोडमध्ये वाचायला मात्र जाऊ नका. पायथनचं इंट ‘१२’ बरोबर वाचतं, जावास्क्रिप्टचं नंबर म्हणतं की ही संख्याच नाही.

विभक्तीकडेही लक्ष द्या. ‘शनिवार’ला कोडने ‘ला’ जोडून ‘शनिवार ला या’ असं वाक्य बनवलेलं मी कितीदा पाहिलंय. आपण ‘शनिवारी’ म्हणतो. प्रत्येक वाराचं रूप सांभाळण्यापेक्षा वाक्यच असं बांधा की नाव जसंच्या तसं बसेल: ‘तुमची वेळ: शनिवार, १५ मार्च २०२५, संध्याकाळी ६:३०’.

१३. सरकारी पत्रावर शके तारीख टाकायची आहे. मिळेल का? तिथीपण?

शके मिळेल. भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून लागू आहे; तो दिवस १ चैत्र १८७९ होता. लोकेलपुढे ‘-यू-सीए-इंडियन’ जोडलं की ब्राउझरचा फॉरमॅटर ती देतो. तिचा १ चैत्र २२ मार्चला, लीप वर्षी २१ मार्चला. तिथी हे वेगळं गणित आहे, चंद्रावरचं. २०२५ चा गुढीपाडवा ३० मार्चला होता, २०२४ चा ९ एप्रिलला. शके महिन्यावरून सण काढायला गेलात तर चुकणार. तिथीसाठी पंचांगाचा डेटा घ्या.

१४. आर्थिक वर्ष ‘२०२४-२५’ असं कसं छापू?

त्यासाठी तयार अक्षर नाही. महिना चारपेक्षा लहान असेल तर वर्षातून एक वजा, मग पुढच्या वर्षाचे शेवटचे दोन अंक शून्य भरून, नाहीतर ‘१९९९-०’ येईल. महिना मुंबईच्या वेळेनेच काढा: १ एप्रिलच्या पहाटे यूटीसीचं मशीन अजून मार्चमध्ये असतं (प्रश्न ७).

१५. दोन अंकी वर्षं वाचताना आजी-आजोबा भविष्यात का जन्मतात?

पायथन आणि सी मध्ये ६९ ते ९९ म्हणजे १९००चं शतक, ०० ते ६८ म्हणजे २०००चं. त्यामुळे ‘४७’चं होतं २०४७. फॉर्मवर चार अंकच मागा.

१६. कोडला हात लावला नाही, फक्त जावा अपग्रेड केलं आणि टेस्ट फुटल्या. दोन्ही स्ट्रिंग डोळ्यांना सारख्याच दिसतात!

पीएमच्या आधीची मोकळी जागा तपासा. जावा २० मध्ये भाषांचा नवा डेटा आला आणि अमेरिकी इंग्रजीत तिथे साध्या स्पेसऐवजी अरुंद, न तुटणारी स्पेस आली. त्याआधी जावा १६ मध्ये ब्रिटिश इंग्रजीतल्या सप्टेंबरच्या लघुरूपाला एक अक्षर वाढलं होतं. लोकेलचा मजकूर माणसांसाठी असतो आणि माणसांच्या सवयींबरोबर बदलतो. त्याच्यावर टेस्ट बांधू नका, तो परत पार्स करू नका. यंत्राने वाचायचं असेल तर प्रश्न ३ मधला आयएसओ.

१७. गर्दीच्या वेळी लॉगमध्ये दुसऱ्याच कुणाची तारीख येते. स्वप्नात तर नाही ना मी?

जावाचा सिंपल-डेट-फॉरमॅट अनेक थ्रेडमध्ये (एकाच वेळी चालणाऱ्या कामांत) एकच वापरताय. तो त्यासाठी बनलेला नाही, आतली अवस्था एकमेकांत मिसळते. जावा ८ चा डेट-टाइम-फॉरमॅटर घ्या, तो निर्धास्त वाटून वापरता येतो.

१८. ००:१० ची गाडी ‘१५ तारखेची’ लिहिली की लोक १५ च्या रात्री स्टेशनवर येतात. फॉरमॅट चुकलाय का?

फॉरमॅट बरोबर आहे, तरी माणूस चुकतो, आणि तो चुकला तर गाडी जाते. आपल्या बोलण्यात रात्र झोपेपर्यंत आदल्याच दिवसाची असते. शेवटची लोकल पकडणारा ‘आज रात्रीची’ म्हणतो, तारीख केव्हाच बदललेली असते. तारखेच्या फॉरमॅटरला हे कळणार नाही, तुम्हाला लिहावं लागेल. मध्यरात्र ते पहाटे चारच्या वेळांसाठी मी दोन्ही वार छापते: ‘शनिवार, १५ मार्च, ००:१० (शुक्रवारची रात्र संपताना)’. एसएमएसमध्ये जागा कमी पडत असेल तर वर्ष काढा, कंस ठेवा.